नऊशे साठ किलोंचं भूत

आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर काटेवाले पहिल्यांदा बसले, ते वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. तोवरची अडतीस वर्षं त्यांची जागा स्टिअरिंगमागे होती. शेजारी बायको, मागे दोन मुलं, असा चौघांचा हिशोब पक्का. आता स्टिअरिंगवर मुलगा होता, त्याच्या शेजारी मुलगी, आणि मागे काटेवाले एकटेच. त्यांच्या बाजूला जुन्या टॉवेलात गुंडाळलेली दीड हात लांबीची एक लाकडी पट्टी होती.

मागच्या सीटवरून रस्ता येताना दिसत नाही, जाताना दिसतो. हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापांच्या खात्यात चौतीस वर्षं काढलेली. वाण्याच्या तराजूपासून मालट्रक तोलणाऱ्या भुईकाट्यापर्यंत काय वाटेल ते तपासावं, दुरुस्त करावं आणि मोहोर मारावी, हे काम. त्यामुळे गल्लीने दिलेलं नाव तेच पडलं. बायको शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेतली पोरं तिला ‘बाई’ म्हणत, आणि काटेवालेही घरात बाईच म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. बाईंना जाऊन आठ महिने झाले होते.

गाडी बदामी रंगाची, गोल पाठीची. घेतली तेव्हाच कुणीतरी वापरलेली होती. तिसऱ्या वर्षी तिचा पेट्रोलचा काटा मेला. दुनियेचे काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या गाडीतला काटा मेला म्हटल्यावर लोक हसायचेच. काटेवाले म्हणायचे, “करतो या रविवारी.” असे चार-पाच महिन्यांचे रविवार गेले. शेवटी बाई म्हणाल्या, “राहू द्या. तुमच्या रविवारच्या भरवशावर राहिलो तर एक दिवस ढकलत यावं लागेल. मी पट्टी करते.”

टाकीचं तोंड डिकीत होतं आणि तिथून पट्टी सरळ तळाला जायची. बाईंनी टाकी रिकामी करवून घेतली, मापाने पेट्रोल ओतत गेल्या, आणि पट्टीवर जिथवर ओल आली तिथे चाकूने खाचा पाडल्या. पण खाचांपुढे लिटर लिहिले नाहीत. जागा लिहिल्या. पूल. नाका. टेकडी. आत्या. शेवट.

“अहो, लिटर लिहा की,” काटेवाले म्हणाले होते. “माप म्हणजे माप.”

“लिटर घेऊन मी काय करू? पोचतोय की नाही तेवढं कळलं म्हणजे झालं.”

नाक्याच्या खाचेपर्यंत ओल आली तर घरापासून नाक्यापर्यंत गाडी जाणार. सगळ्या जागा त्या एकाच जुन्या हमरस्त्यावरच्या, कारण त्या काळी कुठे जायचं तर त्याच रस्त्याने. पुढची प्रत्येक सहल अशीच सुरू झाली. बाई डिकी उघडायच्या, पट्टी बुडवायच्या, उजेडात धरायच्या आणि जाहीर करायच्या, “आत्या आहे.” मग काटेवाले किल्ली फिरवायचे. पट्टीला त्यांनी कधी हात लावला नाही. मोजणं हा त्यांचा धंदा होता, पण घरात मोजायच्या बाई.

म्हणूनच ती खाच त्यांना दिसली, ती बाई गेल्यावर. टेकडी आणि आत्या यांच्या मध्ये, इतर खाचांएवढीच खोल, कडेला हात लागून लागून काळी पडलेली. पुढे नाव नाही.

काटेवाल्यांना झोप येईना. तीन सकाळी अंगणात उकिडवे बसून त्यांनी अर्धा-अर्धा लिटर ओतत पट्टी पुन्हा पडताळली, कारण टाकी तळाशी अरुंद होती आणि दोन खाचांमधलं अंतर नुसत्या फूटपट्टीने मोजून भागलं नसतं. त्या खाचेला सात लिटर आले. गाडी लिटरला बारा जायची. सात बारे चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशीव्या किलोमीटरवर त्यांचं कुणी नव्हतं. ना नातेवाईक, ना ओळखीचं घर, ना एखादं हॉटेल जिथे कधी चहा घेतला असेल. आणि पट्टीवरची प्रत्येक खाच एकेरी होती. पोचण्यापुरती. परतीचं पेट्रोल तिच्यात धरलेलं नसायचं.

बाई एकट्याच कुठेतरी जात होत्या किंवा जाणार होत्या, आणि परत यायचं मोजत नव्हत्या. हा विचार आठ महिने काटेवाल्यांच्या छातीत दगडासारखा बसला होता. मुलांना ते काही बोलले नव्हते. काय बोलणार? पण आज गाडी द्यायची होती. ते आता मुलीकडे राहायला जाणार होते, आणि तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर माणसाला खोली होती, खाली गाडीला जागा नव्हती. हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, एकशे नव्वदाव्या किलोमीटरवर, जुन्या रस्त्याचं छोटं संग्रहालय निघालं होतं. तिथल्या लोकांना गाडी पट्टीसकट हवी होती. म्हणजे चौऱ्याऐंशीवा दगड गाठून बघायला आजच्यासारखा दुसरा दिवस नव्हता. पुन्हा या रस्त्याला कोण आणणार?

सकाळी निघताना मुलीने डिकी उघडली, पट्टी बुडवली, टॉवेलने पुसली आणि कुणी न सांगता बोलून गेली, “शेवट आहे.” आवाजाची पट्टीही आईचीच.

“चला,” मुलगा किल्ली फिरवत म्हणाला. “वरून परवानगी आली.”

गावाबाहेर पडताना मुलांची जुनी शाळा लागली. मुलीने काच खाली केली. “या गेटाशी किती ताटकळलोय रे आपण! मी चौथीत, तू पहिलीत. बुधवारी एकला शाळा सुटायची, आणि आई यायची दीडला.”

“तू वॉचमनच्या पुडीतले दाणे खायचीस. त्याला उपाशी ठेवलंस वर्षभर.”

“आणि तू रडायचास. ‘आई आता येनालच नाही.’”

“मी पहिलीत होतो, ताई! पहिलीतल्या माणसाला रडायचा हक्क असतो.”

काटेवाले हसले. पुढच्या दोघांना ते दिसलं नाही. आरसा मुलाने स्वतःच्या उंचीला लावून घेतला होता.

हा रस्ता फार जुना. टपालाच्या घोडागाड्यांसाठी बांधलेला, मग मोटारींनी घेतलेला, मग ट्रकांनी. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, दगडी कमानींचे पूल, किलोमीटरचे पांढरे दगड. सात-आठ वर्षांपूर्वी नवा जलद रस्ता झाला आणि सगळी रहदारी तिकडे गेली. आता इथे सायकली, ट्रॅक्टर आणि चुकलेली माणसं. डांबराच्या कडेने गवत आत आलं होतं. पूल मागे पडला. मुलगी मांडीवर संग्रहालयाचा फॉर्म घेऊन भरत होती.

“बाबा, बनावटीचं वर्ष सांगितलंत, रंग सांगितलात. रिकामं वजन?”

“दाराच्या आत पितळी पाटी आहे बघ.”

तिने वाकून वाचलं. “आठशे पंच्याऐंशी किलो. स्टेपनी आणि जॅक सोडून.”

“म्हणजे माझ्याहून जरा कमी,” मुलगा म्हणाला.

“जरा?” मुलगी म्हणाली. “तुझ्या बायकोला विचारते.”

“बाबा, तुम्ही इतकी वर्षं भुईकाट्यावर, कधी आपली गाडी चढवून बघितली नाहीत?”

“सरकारी काट्यावर घरची गाडी?” काटेवाले म्हणाले. “नियमात नाही.”

“वाटलंच,” दोघंही एकदम म्हणाले.

चाळीसावा दगड मागे पडला तसा मुलाने वेग कमी केला. उजव्या अंगाला पत्र्याचं छप्पर उडालेली एक बैठी इमारत उभी होती. समोर जमिनीत जडवलेला लांबरुंद लोखंडी पाटा, गंजून तांबडा झालेला, त्याच्या कडेच्या फटीतून झुडपं उगवलेली. हाच तो भुईकाटा. मुलं शाळेत असताना खात्याने काटेवाल्यांना इथे चौदा महिने नेमलं होतं. सोमवार ते शनिवार ते इथेच राहायचे, मागच्या खोलीत, खाटेवर. गाडी घरी बाईंकडे असायची, मुलांना शाळेत सोडायला.

“आता भुताची गोष्ट!” मुलगी वळून म्हणाली. “बाबा, सांगा.”

“तुम्हाला पाठ आहे.”

“आम्ही मध्ये मध्ये बोलतो. त्याशिवाय मजा नाही.”

ही काटेवाल्यांची हुकमी गोष्ट. लग्नकार्यात, निरोपसमारंभात, पाहुणे आले की ती व्हायचीच. त्यांनी घसा साफ केला.

“साडेबाराला मी डबा खायला मागच्या खोलीत बसायचो. काट्याची तबकडी खिडकीतून दिसायची, पाटा दिसायचा नाही. एकदा घास तोंडात, आणि तरफ कुरकुरली. बघतो तर काटा चढतोय. चढतोय, चढतोय, आणि थांबला...”

“नऊशे साठवर!” मुलं ओरडली.

“हात धुऊन बाहेर येतो तर पाटा रिकामा. काटा शून्यावर. ट्रकांची ये-जा चाललेली, आपापल्या वाटेने. म्हटलं, असेल काहीतरी. पण पुढे पुन्हा. पुन्हा नऊशे साठ. भूतसुद्धा शिस्तीचं...”

“फक्त बुधवारी यायचं!”

“ट्रकवाले म्हणाले, साहेब, इथे एक जण चिरडून मेला होता. मी म्हटलं, माणसाच्या भुताचं वजन नऊशे साठ किलो? तो जिवंतपणी खात काय होता?” इथे हसायचं असतं. मुलं हसली. “मी काही भुताला घाबरणारा नव्हे. दोनदा पाट्याखालच्या खड्ड्यात उतरलो, तरफा साफ केल्या. फरक नाही. तिसऱ्यांदा तरफा ज्यांवर टेकून डुलतात त्या पोलादी धारा काढून नव्याच बसवल्या. त्यानंतर...”

“भूत गेलं ते गेलं!”

“गेलं ते गेलं. धार झिजली होती. काट्याचं दुखणं काट्यातच असतं.”

शेवटचं वाक्य तिघांनी मिळून म्हटलं. बाई असायच्या तेव्हा त्या हे वाक्य म्हणत नसत. त्या पाहुण्यांचे रिकामे कप गोळा करायला उठत. काटेवाल्यांना हे आत्ता, इतक्या वर्षांनी, मागच्या सीटवर बसून आठवलं, आणि का आठवलं ते कळलं नाही. भुईकाटा मागच्या काचेत लहान होत गेला.

नाका गेला, टेकडी गेली. काटेवाले आता दगड मोजत होते. एक्याऐंशी. ब्याऐंशी.

“चौऱ्याऐंशीच्या दगडापाशी जरा थांब,” ते म्हणाले.

“तिथे काय आहे?”

“पाय मोकळे करायचेत.”

“पाय त्र्याऐंशीला आखडलेलेच राहणार का?” मुलगा म्हणाला. पण थांबला.

काटेवाले उतरले. दगड होता. त्यामागे शेताच्या बांधाची उसवलेली दगडी ताल, तालीपलीकडे नांगरलेलं रान, रानापलीकडे आभाळ. ना घर, ना घराचा पाया. ते शंभर पावलं पुढे गेले, परत आले, शंभर पावलं मागे गेले. रस्त्याच्या कामावरचा एक जण चुन्याची बादली घेऊन दगड रंगवत होता. पन्नाशीचा असावा.

“इथे पूर्वी काय होतं?” काटेवाल्यांनी विचारलं.

“कुठे?”

“इथेच. या दगडाजवळ. घर, दवाखाना, आश्रम, काहीही.”

रंगाऱ्याने इकडेतिकडे बघितलं, जणू आजवर कधी बघितलंच नव्हतं. “मी जन्मापासून इथला,” तो म्हणाला. “काही नव्हतं. हेच होतं.”

“तीसएक वर्षांपूर्वी?”

“तेव्हा ही तालसुद्धा नव्हती.”

काटेवाले दगडाला टेकून उभे राहिले. आठ महिने त्यांनी इथे काय काय उभं केलं होतं. एक खोली, खोलीत एक कॉट. कधी एखादा माणूस, चेहरा नसलेला. कधी नुसताच फलाट, बाई बॅग घेऊन उभ्या. ते सगळं वाईट होतं, पण निदान काहीतरी होतं. आता तेही गेलं. बाईंना रानात काय काम? त्यांना वाटलं, आपण हे माणूस कधी वाचलंच नाही. अडतीस वर्षं शेजारी बसून आपण रस्ताच बघत राहिलो.

गाडीपाशी मुलगा फोनवर जोरजोरात बोलत होता. मग बहिणीला म्हणाला, “संध्याकाळच्या परतीच्या टॅक्सीचं बघ ना काय चाललंय. तो म्हणतो, तुम्ही एकेरीच येणार असलात तरी अंतर जाऊन-येऊनचं धरणार. त्याला रिकामं परतायचंय.”

“बरोबरच आहे त्याचं. गाडीला काय, दोन्ही वेळा चालावंच लागतं.”

काटेवाल्यांनी मान वर केली.

जाऊन-येऊन.

सगळ्या खाचा एकेरी होत्या, कारण त्या चौघांच्या सहलींच्या होत्या. पोचल्यावर तिकडे पेट्रोल भरायचं, दोन दिवस राहायचं, मग निघायचं. पण एकटं, शाळा सुटल्यावर जायचं आणि कुणाला कळायच्या आत परतायचं, तर मोजायचं दोन्ही वेळचं. मग चौऱ्याऐंशी हे अंतर नव्हतं. अंतर त्याच्या निम्मं होतं.

बेचाळीस.

पुढचं गणित त्यांना थांबवता येईना. आकडे आयुष्यभर त्यांच्या हुकमात राहिले होते. आता ते न बोलावता येत होते. आठशे पंच्याऐंशी. स्टेपनी आणि जॅक, पंधरा. नऊशे. टाकीत उरलेलं निम्मं पेट्रोल, अडीच किलो. भुईकाट्याच्या तबकडीवर वीस-वीस किलोंचे भाग होते, त्यामुळे काटा नऊशे साठपाशी थांबला म्हणजे खरं वजन नऊशे पन्नास ते नऊशे सत्तर. म्हणजे चालवणारं माणूस पन्नास ते पासष्ट किलोंचं. बाई तेव्हा छप्पन्न किलोंच्या होत्या. दवाखान्याच्या काट्याला मोहोर त्यांनी स्वतः मारली होती, आणि मारताना बाईंना चेष्टेने वर उभं केलं होतं.

बुधवारी बाईंची शाळा साडेअकराला सुटायची. बेचाळीस किलोमीटरला तास. साडेबारा.

पहिल्याच आठवड्यात, तिथे नेमणूक झाल्या झाल्या, त्यांनी बाईंना बजावलं होतं, “तिकडे यायचं नाही हं. ट्रकवाल्यांचा अड्डा आहे. लोक मला हसतील.” बाई म्हणाल्या होत्या, “बरं.” शनिवारी ते घरी यायचे ते झोपायचे, सोमवारी पहाटे निघायचे. चौदा महिने असे गेले. बाईंनी दिलेला शब्द मोडला नव्हता, असंही म्हणता आलं असतं. त्या खोलीत आल्या नाहीत, कुणाशी बोलल्या नाहीत, हाक मारली नाही. फक्त पाट्यावर गाडी चढवायच्या आणि थांबायच्या. आत डबा उघडून बसलेला माणूस तबकडीकडे बघतोच, हे त्यांना माहीत होतं. विज्ञान शिकवायच्या त्या.

आणि आतला माणूस हात धूत होता.

सगळ्यात वाईट आकडा शेवटी आला. पोलादी धारा ज्या आठवड्यात बदलल्या, त्याच आठवड्यात खात्याचं पत्र आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत काट्यावर येणाऱ्या वाटेला साखळी लावत जा, ट्रकवाले फुकट वजन करून जातात म्हणून. त्यांनी साखळी लावली. भूत गेलं. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला काटेवाले पहिल्या दिवशी एकच नियम शिकवायचे. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार नाही. जन्मात एकदाच त्यांनी एका आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि श्रेय धारेला दिलं होतं.

बाई येऊन साखळीपाशी थांबल्या असतील. किती वेळ, ते कुठल्याही काट्यावर उमटलेलं नव्हतं.

“बाबा!” मुलीने हाक मारली. “बरं वाटत नाहीये का? चेहरा कसा झालाय!”

“ऊन लागलं.”

“पाणी प्या. बसा आत. पाचला संग्रहालय बंद होतं.”

ते बसले. मागे वळून तिकडे जायचं म्हणावं, असं एकदा ओठांवर आलं. पण जाऊन करणार काय? गंजलेला पाटा आता कुणाच्याही वजनाने हलणार नव्हता. त्यांनी पट्टी टॉवेलातून काढून मांडीवर घेतली आणि अंगठा त्या काळ्या खाचेत ठेवला. अंगठा नेमका बसला. बाईंचाही तिथेच बसत असणार.

संग्रहालय म्हणजे जुनी टपालचौकी होती. एका खोलीत कंदील, बिगूल, किलोमीटरचे दगड. मागच्या शेडमध्ये गाड्या. तिथले गृहस्थ हसतमुख होते, आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या दोघी-तिघी होत्या. सगळ्यांनी गाडीभोवती फेरी मारली, बोनेट उघडलं, वा वा केलं. मुलाच्या अंगात पाहुणचार संचारला.

“बाबा, यांना भुताची गोष्ट सांगा ना. हो, ऐका तुम्ही, भारी आहे. याच रस्त्यावरची आहे.”

“अरे, वा! सांगा की,” गृहस्थ म्हणाले. एकीने स्टूल पुढे केलं.

काटेवाल्यांनी सांगितली. डबा, तरफ, तबकडी. शब्द जागच्या जागी होते, त्यांना शोधावं लागलं नाही. नऊशे साठवर माणसं हसली, शिस्तीच्या भुतावर हसली, जिवंतपणी खात काय होता यावर तर एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा मध्ये मध्ये ठेका धरत होता.

“...तिसऱ्यांदा धारा काढून नव्या बसवल्या. त्यानंतर...”

“भूत गेलं ते गेलं!” मुलगा म्हणाला.

काटेवाल्यांनी मांडीवरच्या पट्टीवर अंगठा ठेवला. लोक वाट बघत होते.

“काट्यात काही बिघाड नव्हता,” ते म्हणाले. “काटा पहिल्यापासून बरोबरच दाखवत होता.”

“म्हणजे मग भूत खरं होतं?” गृहस्थांनी हसत विचारलं.

“हो. खरं होतं.”

सगळे पुन्हा हसले, टाळ्याही पडल्या. मुलालाही शेवट आवडला. “हे नवीन घातलंत हं!” मुलगी मात्र हसली नाही. ती वडिलांच्या मांडीवरच्या पट्टीकडे बघत होती, मग गाडीकडे, मग पुन्हा पट्टीकडे.

“यावरच्या जागांची नावं मी पाटीवर लिहून घेतो,” गृहस्थ म्हणाले. “पूल, नाका, टेकडी... आणि ही रिकामी?”

काटेवाल्यांनी त्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं. बाईंचं अक्षर सरळ, फळ्यावरच्यासारखं. त्याच्या ओळीत यांनी लिहिलं, पण लाकडाच्या रेषांवर पेन घसरलं आणि अक्षरं वेडीवाकडी झाली. ‘भुईकाटा. जाऊन-येऊन.’

मुलीने वाचलं.

“बुधवारी,” ती हळूच म्हणाली. “आई म्हणायची, शाळेत मीटिंग असते.”

“हो,” काटेवाले म्हणाले.

“तुम्हाला कधीच सांगितलं नाही?”

“मीच सांगत होतो ना, दर वेळी. सगळ्यांसमोर. तीस वर्षं.” त्यांनी पेन टोपण लावून परत दिलं. “तिला कुठे संधी मिळाली?”

मुलीने त्यांचा हात धरला. तिला अजून काही विचारायचं होतं, पण मुलगा सह्या करायला बोलवत होता, आणि बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. पट्टी काचेच्या कपाटात गेली. गाडीला शेडमध्ये ढकलत नेलं, कारण आत इंजिन सुरू करायचं नाही असा त्यांचा नियम होता.

परतीची टॅक्सी नव्या रस्त्याने निघाली. काचा बंद, आत गार, आवाज नाही. मुलगा पुढे बसून घोरायला लागला. मुलगी वडिलांशेजारी बसली होती आणि खिडकीबाहेर बघत रडत होती, त्यांना कळू नये अशा बेताने. काटेवाल्यांना कळत होतं. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. पण कसा ठेवतात ते चटकन सुधरेना. अशी कामं घरात बाईंची होती.

डावीकडे, दूर, झाडांची एक रांग सोबत धावत होती. तोच जुना हमरस्ता. भुईकाटा त्या रांगेत कुठेतरी असणार. इथून छप्पर तरी दिसावं म्हणून त्यांनी टॅक्सीच्या मीटरकडे लक्ष ठेवलं. जुन्या रस्त्याने संग्रहालयापासून भुईकाटा एकशे अठ्ठेचाळीस. पण नवा रस्ता सरळ काढलेला, एकूण एकवीस किलोमीटरने लहान. म्हणजे एकशे नव्वदाला एकशे एकोणसत्तर, तर एकशे अठ्ठेचाळीसला किती? त्यांनी त्रैराशिक मांडलं. सवयीप्रमाणे पुन्हा एकदा पडताळून पाहिलं.

उत्तर आलं तेव्हा मीटरवरचा आकडा त्याच्या पुढे सरकलेला होता. ते मागच्या काचेकडे वळले. झाडं होती, सारखीच, एकापाठोपाठ एक.